काखेतीच्या वेली, मॉस्कोचा बाजार

जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तिबिलिसीला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत एका राणीच्या अस्थी होत्या. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मठाचा अर्धा ढासळलेला मनोरा पर्यटकांना परिचयाचा आहे. त्या मठाच्या अवशेषांत पुरातत्त्व खात्याला या अस्थी सापडल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने जनुकीय चाचण्या करून त्या कुणाच्या असाव्यात ते सांगितलं. राणीचं नाव केतेवान. ती जॉर्जियातल्या काखेती राज्याची. इराणचा शाह अब्बास याच्याकडे तिला ओलीस म्हणून राहावं लागलं. धर्म बदलायला तिने नकार दिला आणि १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या देहाचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यांतला काही भाग गोव्याला आणला.

राणी ओलीस होती त्या काळात तिच्या राज्याचं काय झालं, हे गोव्यातल्या फलकांवर सहसा वाचायला मिळत नाही. १६१४ पासूनच्या तीन-चार वर्षांत शाह अब्बासच्या फौजांनी काखेती उजाड केली. लाखाच्या वर माणसं बायकापोरांसह इराणात हाकलून नेली. इराणच्या फेरेदान भागात त्यांचे वंशज आहेत आणि त्यांच्या घरांत अजून जॉर्जियन बोलली जाते. फौजांनी गावं जाळली आणि द्राक्षवेली तोडल्या. वेली तोडण्यामागे साधा हिशेब होता. जळालेलं घर एका उन्हाळ्यात उभं राहतं, धान्य पुढच्या हंगामात पिकतं. द्राक्षवेल मात्र लावल्यावर तीन-चार वर्षांनी धड फळाला येते. वेल तोडली की पळालेला माणूस लवकर परत येत नाही.

काखेतीच्या वेलींवर राजकारणाची कुऱ्हाड पडण्याची ती पहिली वेळ नव्हती आणि शेवटचीही नव्हती. विसाव्या-एकविसाव्या शतकात ती दोनदा पडली. १९८५ मध्ये मॉस्कोच्या आदेशावरून वेली उपटल्या गेल्या. २००६ मध्ये वेलींना कुणी हात लावला नाही, फक्त त्यांच्या वाइनचं गिऱ्हाईक एका आदेशाने काढून घेतलं. दोन्ही वेळा घाव बसला तो सरकारी खतावणीत नोंदलेल्या वाइनवर. घराच्या परसातली वाइन कुठल्याच खतावणीत नव्हती, म्हणून ती वाचली.

जॉर्जिया महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान आहे. उत्तरेला कॉकेशस पर्वताची भिंत रशियाकडचे गार वारे अडवते. पूर्वेकडे अलाझानी नदीचं खोरं म्हणजे काखेती, आणि देशातल्या बहुतांश द्राक्षबागा इथेच. तिबिलिसीच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा ही नवाश्मयुगीन वस्त्यांची टेकाडं आहेत. तिथल्या मडक्यांच्या खापरांत द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अंश सापडल्याचं संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. काळ इसवी सनापूर्वी ६००० ते ५८०० च्या दरम्यानचा. वाइनचा याहून जुना रासायनिक पुरावा तोवर कुठेही मिळाला नव्हता. चौथ्या शतकात हा देश ख्रिस्ती झाला तेव्हा संत नीनोने द्राक्षवेलीच्या काड्या स्वतःच्या केसांनी बांधून क्रूस केला, अशी श्रद्धा आहे. तो किंचित झुकलेल्या आडव्या काडीचा क्रूस जॉर्जियन चर्चची खूण बनला. द्राक्षाच्या स्थानिक जाती पाचशेच्या वर मोजल्या जातात.

घरच्या वाइनची पद्धत जरा जवळून पाहू, कारण पुढच्या सगळ्या कथेत तीच टिकून राहते. खेड्यातल्या घराशी 'मरानी' नावाची खोली किंवा शेड असते. आत शिरलं तर पिंपं किंवा टाक्या दिसत नाहीत, जमिनीत गोल तोंडं दिसतात. गळ्यापर्यंत पुरलेले हे मातीचे रांजण, म्हणजे ख्वेव्री. आकार अंड्यासारखा, बूड निमुळतं. काहीशे लिटरांपासून काही हजार लिटरांपर्यंत माप. कुंभार मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवत जातो. एका दिवसात काही बोटंच उंची वाढते, नाहीतर ओला भाग स्वतःच्या वजनाने बसतो. मोठा रांजण उभा राहायला कित्येक आठवडे जातात. भट्टीत तो जवळपास आठवडाभर भाजतात आणि गरम असतानाच आतून मधमाशीचं मेण फिरवतात. मेण मातीच्या रंध्रांत मुरतं. धुवायला सोपं जातं आणि झिरपही कमी होते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडणी होते. तिला र्त्वेली म्हणतात आणि शहरात नोकरीला गेलेली मुलंही त्या वेळी गावी येतात. पोकळ कोरलेल्या ओंडक्यात घड टाकून पायांनी तुडवायचे. रस, साली, बिया आणि काखेतीत देठंसुद्धा, सगळं रांजणात. बाहेरून यीस्ट घालायचं नाही. रस आंबायला लागला की साली फुगून वर येतात, त्या दिवसातून काही वेळा काठीने खाली ढकलायच्या. उकळी शमली की तोंडावर दगडी झाकण ठेवून कडा मातीने लिंपायच्या, आणि वसंत ऋतूपर्यंत हात लावायचा नाही. जमिनीच्या पोटात गारवा एकसारखा राहतो. बिया निमुळत्या बुडात जाऊन बसतात, त्यांच्यावर सालींचा थर बसतो आणि वर नितळ वाइन राहते. पांढरी द्राक्षं पाच-सहा महिने सालींबरोबर राहिल्याने वाइन पिवळट न होता अंबरच्या रंगाची होते, चहासारखा तुरटपणा येतो. उरलेल्या चोथ्यापासून चाचा नावाची कडक दारू गाळतात. रिकामा रांजण चेरीच्या सालींच्या कुंच्याने आतून घासायचा. मोठ्या रांजणात माणूसच आत उतरतो.

ही वाइन लग्नात, श्राद्धात, चर्चमध्ये आणि पाहुण्यासमोर लागते. विकायला ठेवलेली ती नसतेच. विकायच्या वाइनचा इतिहास वेगळा आहे आणि तो रशियाच्या आगमनानंतरचा आहे.

१७८३ च्या करारानं पूर्व जॉर्जियाने इराण आणि तुर्कांपासून बचाव म्हणून रशियाचं संरक्षण स्वीकारलं. १८०१ मध्ये रशियाने राज्यच खालसा केलं. काखेतीतला सरदार अलेक्झांडर चावचावाद्झे हा या नव्या काळाचा माणूस. कवी, झारच्या सैन्यात जनरल, रशियन नाटककार ग्रिबोयेदोवचा सासरा. त्सिनांदालीच्या आपल्या वाड्यात त्याने युरोपीय पद्धतीचं तळघर बांधलं, ओकची पिंपं आणि बाटल्या आणल्या. तिथल्या संग्रहात सापेरावी या लाल द्राक्षाची १८४१ ची वाइन अजून जपून ठेवली आहे. पुढे १८५४ मध्ये रशियाविरुद्ध लढणाऱ्या इमाम शामिलच्या डोंगरी टोळ्यांनी त्सिनांदालीवर छापा घालून त्याच्या मुलाच्या बायकोला आणि इतर बायकामुलांना पळवलं. खंडणी भरता भरता घराणं कर्जात बुडालं आणि १८८० च्या दशकात वाडा, बागा, तळघर सगळं झारच्या मालकीचं झालं. त्याच सुमारास अमेरिकेतून युरोपात आलेला फिलॉक्सेरा हा मुळांचा रस शोषणारा कीटक जॉर्जियात पोचला आणि बुरशीच्या रोगांनीही बागांना ग्रासलं. पश्चिमेकडच्या बागा सर्वाधिक गेल्या, कित्येक स्थानिक जाती नामशेष झाल्या. अमेरिकन खुंटावर कलम करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला खुंटाचं हे प्रकरण समजावून सांगायला नको.

१९१८ ते १९२१ ही तीन वर्षं जॉर्जिया स्वतंत्र होता. फेब्रुवारी १९२१ मध्ये लाल सैन्य आलं. त्यानंतर जमीन सामूहिक झाली आणि वाइन 'सामट्रेस्ट' या सरकारी संस्थेच्या हाती गेली. सोव्हिएत व्यवस्थेला वाइन हवी होती, ती भरपूर आणि सर्वत्र सारखी. शेकडो जातींतून भरघोस घड देणाऱ्या मोजक्या जाती निवडल्या गेल्या. पांढऱ्यात र्कात्सितेली आणि लालमध्ये सापेरावी पुढे आल्या. वाइनला नावाबरोबर क्रमांकही मिळाला: त्सिनांदाली क्रमांक १, ख्वांचकारा क्रमांक २०, किंद्झमाराउली क्रमांक २२. शेवटच्या दोन लाल आणि अर्धगोड. आंबण्याची क्रिया मध्येच थंडाव्याने थांबवून थोडी साखर शिल्लक ठेवायची, असं त्यांचं तंत्र. गोरीत जन्मलेल्या स्टालिनला त्या आवडत, अशी त्यांची ख्याती. लेनिनग्राडपासून व्लादिवोस्तोकपर्यंत लग्नाच्या टेबलावर जॉर्जियन बाटली म्हणजे प्रतिष्ठा. ग्राहक कोट्यवधी, प्रतिस्पर्धी जवळपास नाही आणि परदेशी वाइनला दार बंद. अशा बाजारात दर्जा सुधारण्याचं कारणच उरत नाही. बागेतून जास्तीत जास्त वजन काढायचं आणि कारखान्यात ते ठरल्या क्रमांकात बसवायचं, एवढंच काम.

खेड्यातल्या कुटुंबाला मात्र घराभोवती थोडी जमीन ठेवायची मुभा होती. त्या तुकड्यात वेलींचा मांडव असे, खाली मरानीत दोन-तीन रांजण असत. सामूहिक शेताची द्राक्षं कारखान्याला, परसातली द्राक्षं रांजणाला. कारखान्यातली वाइन स्वतःच्या घरी पिणारा काखेतीतला शेतकरी विरळा.

मार्च १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह सत्तेवर आले आणि दोन महिन्यांत त्यांनी दारूविरुद्ध मोहीम उघडली. पक्षातले लिगाचोव्ह आणि सोलोमेंत्सेव्ह हे तिचे मुख्य पुरस्कर्ते. या मोहिमेची आज थट्टा होते, पण कारण खरं होतं. वोदकेने रशियन पुरुषांचं आयुर्मान खाली ओढलं होतं आणि कारखान्यांत सोमवारी माणसं शुद्धीवर नसत. दारूचं उत्पादन कमी केलं, भाव वाढवले, दुकानं दुपारी दोनच्या आत दारू विकेनाशी झाली. लोक गोर्बाचेव्हना 'जनरल सेक्रेटरी'ऐवजी 'मिनरल सेक्रेटरी' म्हणू लागले. हातभट्टीसाठी साखरेवर इतकी झुंबड उडाली की दुकानांतून साखरच गायब झाली. सरकारी तिजोरीला दारूच्या उत्पन्नाचं भगदाड पडलं. हेही सांगायला हवं, की दोन-तीन वर्षांत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे तीन वर्षांनी वाढलं. मोहिमेने माणसं वाचवली.

काखेतीत मात्र तिने वेली मारल्या. रोग वोदकेचा, पण आदेशात वोदका आणि वाइन असा भेद नव्हता. मॉस्कोला आकडे हवे होते आणि आकडे दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे बाग काढून टाकणं. क्राइमियासह युक्रेन, मोल्दोवा आणि जॉर्जिया, सगळीकडे ट्रॅक्टर फिरले. गंमत अशी, की जॉर्जियाचे पक्षप्रमुख एदुआर्द शेवर्दनाद्झे त्याच जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री होऊन मॉस्कोला गेले आणि मागे राहिलेल्या जुंबेर पातिआश्विलींच्या वाट्याला हे काम आलं. सामूहिक शेतांतल्या कित्येक बागा उपटल्या, कुठे मका लावला, कुठे जमीन तशीच पडली. वाइनच्या कारखान्यांना द्राक्षाचा रस बाटलीबंद करायला सांगितलं. जुन्या बागांत मिसळून लावलेल्या दुर्मीळ जाती यात गेल्या, आणि त्या कुठल्या हे लिहून ठेवायलाही कुणाला वेळ नव्हता. दशक संपता संपता मोहीम बारगळली. पण वेल उपटायला एक दुपार लागते आणि परत लावायला पैसा, रोपं आणि चार वर्षं. तोवर देशच उरला नाही.

९ एप्रिल १९९१ ला जॉर्जियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. त्याच वर्षाअखेर तिबिलिसीच्या मुख्य रस्त्यावर गोळीबार सुरू झाला. राष्ट्राध्यक्ष गामसाखुर्दिया पळाले, शेवर्दनाद्झे मॉस्कोहून परतून सत्तेवर आले, फुटून निघू पाहणाऱ्या अबखाझिया प्रांतात युद्ध पेटलं. १९९५ मध्ये लारी हे नवं चलन येईपर्यंत कागदी कूपनांनी व्यवहार चालले आणि त्यांची किंमत रोज घसरत होती. हिवाळ्यात राजधानीत दिवसचे दिवस वीज नसे. सामूहिक शेतं मोडून कुटुंबामागे जास्तीत जास्त सव्वा हेक्टर जमीन वाटली गेली. बाग मिळाली, पण फवारणीचं औषध, तारा, डिझेल, काहीच नाही. एक लाख हेक्टरांच्या वर असलेलं द्राक्षाचं क्षेत्र एकविसावं शतक उजाडेपर्यंत निम्म्याहूनही खाली आलं.

बाजार मात्र जुनाच राहिला. रशियन ग्राहकाला किंद्झमाराउली आणि ख्वांचकारा ही नावं पाठ होती. ख्वांचकारा राचा नावाच्या डोंगराळ भागातल्या लहानशा पट्ट्यात होते, आणि मॉस्कोच्या दुकानांत तिच्या नावाने जेवढ्या बाटल्या उभ्या असत तेवढी द्राक्षं त्या पट्ट्यात पिकणं शक्यच नव्हतं. स्वस्त वाइनचे टँकर, साखर, रंग आणि छापील लेबल एवढ्यावर हा धंदा चाले. त्यात रशियातले लोक होते, तिसऱ्या देशांतले होते आणि जॉर्जियातलेही होते. शेवटचा मुद्दा जॉर्जियन वर्णनांत हळू आवाजात येतो, पण तो वगळून चालणार नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये 'गुलाब क्रांती' झाली, शेवर्दनाद्झे पायउतार झाले आणि मिखाईल साकाश्विली अध्यक्ष झाले. त्यांना नाटोमध्ये जायचं होतं, रशियन तळ हटवायचे होते. मॉस्कोशी संबंध महिन्यागणिक बिघडत गेले. जानेवारी २००६ च्या कडाक्याच्या थंडीत रशियाच्या बाजूला गॅसवाहिनीत स्फोट झाले आणि जॉर्जिया गारठला. साकाश्विलींनी थेट रशियावर आरोप केला. या पार्श्वभूमीवर २७ मार्च २००६ पासून रशियाने जॉर्जिया आणि मोल्दोवाची वाइन आपल्या बाजारात बंद केली. घोषणा करणारे गेन्नादी ओनिश्चेंको हे देशाचे मुख्य आरोग्य अधिकारी आणि रोसपोत्रेबनादझोर या ग्राहकरक्षण खात्याचे प्रमुख. वाइनमध्ये कीटकनाशकांचे अंश आणि जड धातू आढळले, असं कारण दिलं. मे महिन्यात बोर्जोमीचं खनिज पाणीही बंद झालं. शंभर वर्षांहून अधिक काळ रशियन लोक जे पोटाच्या विकारांवर औषध म्हणून पीत आले, ते पाणी एकाएकी धोकादायक ठरलं.

बनावट माल बाजारात होता, हे खरं. पण तो ओळखून वेगळा काढण्याऐवजी दोन देशांची सगळी वाइन एका दिवसात बंद करणं ही आरोग्याची कारवाई नव्हती. दोन्ही देश त्या वेळी पश्चिमेकडे झुकत होते.

जॉर्जियाच्या वाइन निर्यातीपैकी पाचातले जवळपास चार भाग रशियाला जात होते. तिबिलिसीत आधी संताप, मग गोंधळ. संरक्षणमंत्री इराक्ली ओक्रुआश्विली यांनी दूरचित्रवाणीवर रशियन बाजारात विष्ठासुद्धा खपते, अशा अर्थाचं विधान केलं. बोलायचं होतं ते बनावट माल करणाऱ्यांबद्दल, पण ते ऐकून रशियन ग्राहक आणि स्वतःच्या देशातले वाइनवाले, दोघेही दुखावले. साकाश्विलींनी मग वाइनसाठी नवे बाजार शोधण्याची जबाबदारी याच संरक्षणमंत्र्यावर टाकली. शिक्षा की विनोद, हे ठरवणं अवघड आहे. त्या शरद ऋतूत चार रशियन अधिकाऱ्यांना हेर म्हणून अटक झाली. रशियाने विमानं, रेल्वे, टपाल सगळं तोडलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट २००८ मध्ये, दोन्ही देशांत पाच दिवसांचं युद्ध झालं.

निर्यात २००५ मध्ये सुमारे ८ कोटी डॉलरची होती, २००७ मध्ये ती ३ कोटींच्या आत आली. कारखान्यांची गोदामं भरलेली, त्यामुळे पुढच्या खुडणीला द्राक्ष घ्यायला गिऱ्हाईक नाही. भाव कोसळले. सव्वा हेक्टरवाल्या शेतकऱ्याकडे शीतगृह नव्हतं, दुसरा व्यापारी नव्हता, आणि घड वेलीवर किती दिवस थांबणार? ज्यांच्याकडे रांजण होते त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वाइन घरीच केली. पण रांजणालाही तोंड असतं, ते भरतं. सरकारला द्राक्ष खरेदीसाठी अनुदान सुरू करावं लागलं. अनेकांनी बागेकडे पाठ फिरवून तिबिलिसी किंवा परदेशातली मजुरी धरली.

मोठ्या कारखान्यांनी दुसरी वाट शोधली. सुरुवातीला युक्रेन आणि कझाकस्तान, म्हणजे रशियन चवीचेच पण वेगळ्या झेंड्याखालचे ग्राहक. मग पोलंड, बाल्टिक देश, नंतर चीन. या नव्या ग्राहकांना किंद्झमाराउलीची जुनी आठवण नव्हती. त्यांच्यापुढे त्याच किमतीत चिली आणि स्पेनची वाइन होती. म्हणून बागेत घड विरळ करणं आलं, स्टीलच्या टाक्या आल्या, इटालियन आणि फ्रेंच सल्लागार आले. ज्या सापेरावीला साखरेआड लपवलं जात होतं तिची कोरडी वाइन पुढे आली. तिचा गरसुद्धा लाल असतो, त्यामुळे पेल्यात ती जवळपास काळी दिसते.

रांजणाची वाट याहून वेगळी आणि काही अंशी बंदीच्या आधीची होती. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यातला योश्को ग्राव्नर हा नामांकित वाइनवाला स्टील आणि ओक दोन्हींना कंटाळून २००० मध्ये जॉर्जियात आला. त्याने रांजण मागवून स्वतःच्या तळघरात पुरले आणि २००१ पासून आपली पांढरी द्राक्षं त्यांत आंबवायला लागला. युरोपातल्या जाणकारांचं कुतूहल तेव्हापासून जागं झालं. इकडे सोलिको त्साइश्विली या साहित्याच्या अभ्यासकाने मित्रांबरोबर २००३ च्या सुमारास काखेतीत छोटी बाग घेतली, कारण तिबिलिसीत प्यायला धड वाइन मिळत नाही अशी त्यांची तक्रार होती. कार्त्ली भागातल्या इयागो बितारिश्विलीने चिनुरी या जातीची सेंद्रिय बाग उभी केली. २००७ मध्ये जॉन वुर्डमन हा अमेरिकन चित्रकार आणि गेला पातालिश्विली हा पिढीजात द्राक्ष शेतकरी यांनी सिघनाघी गावात भागीदारी सुरू केली. तिची वाइन पुढे न्यूयॉर्क-लंडनच्या उपाहारगृहांत पोचली. अकराव्या शतकातलं चर्च असलेल्या अलावेर्दी मठातल्या भिक्षूंनी बंदीच्याच वर्षी, २००६ मध्ये, आपल्या मरानीचं काम पुन्हा हाती घेतलं. सोव्हिएत काळात तिथली परंपरा खंडित झाली होती. २०११ मध्ये याच मठात रांजणातल्या वाइनवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि डिसेंबर २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

या सगळ्यांना लागत होते रांजण, आणि रांजण करणारी कुंभार घराणी देशभरात बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. काखेतीत वार्दिसुबानी, पश्चिमेकडच्या इमेरेती भागात मकातुबानी अशा दोन-चार गावांत हे काम टिकून होतं, तेही मुख्यतः परसातल्या मरानीतल्या जुन्या रांजणांच्या बदलीसाठी. आता त्यांच्या दारात परदेशी ग्राहक रांग लावू लागले. एका भट्टीत मोजकेच रांजण मावतात आणि पावसाळी दिवसांत माती वाळत नाही, त्यामुळे मागणी वाढली तरी पुरवठा फारसा वाढत नाही.

यावरून आता एक गोड गोष्ट तयार झाली आहे आणि ती तिबिलिसीच्या प्रत्येक वाइनच्या दुकानात ऐकू येते: रशियाने दार बंद केलं आणि आमचं भलं झालं. गोष्टीत तथ्य आहे. २००६ मध्ये नोंदणी झालेल्या वाइनशाळा शंभरच्या आत होत्या, दहा-बारा वर्षांत त्या हजाराच्या आसपास गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ एका कुटुंबाच्या. पण ही गोष्ट सांगतात ते लोक ज्यांच्याजवळ बंदीच्या वर्षांत तग धरायला काही ना काही होतं: भांडवल, परदेशी भाषा, शहरात दुसरी नोकरी. बाग विकून गेलेला माणूस ती सांगायला दुकानात येत नाही. आणि रांजणातली वाइन जगभरच्या मासिकांत कितीही झळकली, तरी देशाच्या एकूण निर्यातीत तिचा वाटा थोडाच आहे. बहुतेक वाइन अजूनही स्टीलच्या टाकीतून बाटलीत जाते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला आणि अब्जाधीश बिद्झिना इवानिश्विली सत्तेवर आले. त्यांची मालमत्ता रशियात जमा झालेली आणि मॉस्कोशी जमवून घेण्याची त्यांची भाषा. रशिया त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेत शिरला होता आणि त्यासाठी आधीपासूनच सदस्य असलेल्या जॉर्जियाशी त्याला समझोता करावा लागला होता. २०१३ च्या वसंतात रशियन निरीक्षक काखेतीतल्या वाइनशाळा पाहून गेले, जूनमध्ये पहिल्या बाटल्या सीमेपलीकडे गेल्या. ज्या वाइनमध्ये जड धातू होते म्हणे, ती आता निर्धोक झाली होती. ओनिश्चेंको त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पदावरून गेले.

निर्यात २०१२ मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास होती. २०१३ मध्ये ती जवळपास दुप्पट झाली आणि तिच्यातला सर्वांत मोठा ग्राहक एका झटक्यात पुन्हा रशिया झाला. सात वर्षं पोलंड-चीनच्या प्रदर्शनांत फिरून जे कमावलं ते गमावलं असं नाही. युरोपीय संघाशी २०१४ मध्ये सहकार्याचा करार झाला, चीनबरोबरचा मुक्त व्यापार २०१८ पासून लागू झाला, त्यांचा उपयोग झालाच. पण रशियाची सीमा काखेतीपासून ट्रकने काही तासांवर आहे, ग्राहक चव ओळखतो, रशियन भाषेत लेबल छापता येतं आणि माल घेताना तो फार प्रश्न विचारत नाही. व्यापाऱ्याला आणखी काय लागतं?

जून २०१९ मध्ये सेर्गेई गाव्रिलोव हा रशियन खासदार तिबिलिसीच्या संसदेत सभापतीच्या खुर्चीवर बसला. रस्त्यांवर हजारो माणसं उतरली. काही दिवसांतच रशियाने जॉर्जियाची थेट विमानसेवा तोडण्याचं जाहीर केलं आणि रोसपोत्रेबनादझोरने जॉर्जियन वाइनची तपासणी कडक करण्याची घोषणा केली. दर्जा घसरल्याचं कारण तेवढ्यात सापडलं होतं. पूर्ण बंदी आली नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर युरोपने रशियाकडे पाठ फिरवली, तरी काखेतीचे ट्रक उत्तरेकडे जातच राहिले. २०२३ मध्ये जॉर्जियाची वाइन निर्यात सुमारे २६ कोटी डॉलरवर पोचली, तोवरची सर्वांत मोठी. तिच्यातली जवळपास दोन तृतीयांश वाइन रशियात गेली. तिथे तिची तपासणी करण्याचा अधिकार अजूनही रोसपोत्रेबनादझोरकडेच आहे.